खिशातला फ्यूज : समुद्रावर दुरुस्ती करणाऱ्या माणसांचा इतिहास

आत येताना दाराशी एका गृहस्थांनी मला थांबवून विचारलं, "सर, नागपुरात समुद्रावरचं व्याख्यान काहून?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे पाणी म्हणजे अंबाझरी, फुटाळा, फार तर तोतलाडोह. पण मी म्हटलं, खिशात एक रुपयाची नोट असेल तर काढा. 1994 मध्ये बंद झालेली ही नोट 2015 पासून पुन्हा छापली जाऊ लागली. लग्नात एकशे एकाचा आहेर करताना आपण ती शोधत असतो. नोट उलटी करून बघा. मागच्या बाजूला समुद्रात उभा असलेला एक सांगाडा दिसेल. तो आहे 'सागर सम्राट', मुंबई हायचं तेल शोधणारा रिग. म्हणजे समुद्र आपल्या पाकिटात कधीचाच येऊन बसलाय.

आता त्या चित्रात माणूस शोधा. सापडत नाही. रिग आहे, माणूस नाही. आजचं व्याख्यान त्या न दिसणाऱ्या माणसाबद्दल आहे. तेल शोधणारा किंवा उद्घाटनाची फीत कापणारा माझ्या डोळ्यांसमोर नाही. यंत्र बसवून झाल्यावर पुढची पंचवीस-तीस वर्षं जो त्याचे बोल्ट आवळतो, तेल बदलतो, गंज खरवडतो, तो फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, रिगर. आज जगात 'ऑफशोअर विंड टेक्निशियन' अशी एक नोकरी तयार झाली आहे. भर समुद्रातल्या पवनचक्क्यांची देखभाल हे तिचं काम. आपल्या आयटीआयमधली मुलं मला त्याबद्दल विचारतात. पगार किती, कोर्स कोणता, पोहायला यावं लागतं का? ही सगळी चौकशी योग्यच आहे. मी इतिहासाचा माणूस, त्यामुळे मला आणखी एक प्रश्न पडतो : हे काम आलं कुठून आणि त्याचे नियम कुणाच्या जिवावर तयार झाले?

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. भारताच्या समुद्रात आज वीज देणारी एकही पवनचक्की उभी नाही. मग आपल्या इथे या कामाला इतिहास कुठला? तर आहे, आणि तो दोन वाटांनी येतो. एक वाट मुंबई हायच्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवरून आणि दुसरी देवगड-साताऱ्याच्या पवनचक्क्यांवरून. त्या दोन्ही वाटा उद्या जिथे मिळतील, तिथे आपली मुलं उभी असतील.

पहिली वाट घेऊ. फेब्रुवारी 1974 मध्ये मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर, समुद्राच्या तळाखाली 'सागर सम्राट'ला तेल लागलं. गंमत बघा, त्याच 1974 साली आपल्या कोराडीचा पहिला संच सुरू झाला. 21 मे 1976 रोजी मुंबई हायमधून उत्पादन सुरू झालं. 1978 मध्ये उरणपर्यंत समुद्राखालून पाइपलाइन आली. पाठ्यपुस्तकात हा इतिहास इथे संपतो. देखभालीचा इतिहास मात्र इथून सुरू होतो.

कारण सुमारे 75 मीटर खोल पाण्यात लोखंडी पायांवर उभा केलेला कारखाना म्हणजे काय प्रकरण असतं? खारं पाणी, खारी हवा, चोवीस तास कंप. आपल्याकडे कारखान्यातला पंप बिघडला तर कामठी रोडवरून सुटा भाग येतो. तिथे तो बोटीने किंवा हेलिकॉप्टरने यावा लागतो. त्यातून एक वेगळं जगणं तयार झालं. कायम कर्मचाऱ्यांसाठी चौदा दिवस समुद्रावर, चौदा दिवस घरी. बारा तासांची पाळी. झोपायची खोली आणि उकळत्या दाबाचा वायू वाहणारी नळी यांच्यात कधी कधी एका पुलाचं अंतर. आणि कायम कर्मचाऱ्यांच्या पलीकडे एक मोठी फळी कंत्राटी माणसांची. रंगकाम, वेल्डिंग, मचाण बांधणं, स्वयंपाक ही सगळी कामं त्यांची. त्यांचे चौदा दिवस चौदाच राहतील असं नसतं.

आता मी समुद्रावरून जरा काटोलकडे येतो. माझे मोठे काका तेव्हाच्या एमएसईबीत लाइनमन होते. लहानपणी मी त्यांच्या सायकलवर बसून गावागावांतून फिरलोय. काम सुरू करण्याआधी ते डीपीच्या पेटीतले फ्यूज काढायचे आणि चक्क आपल्या पँटच्या खिशात टाकायचे. मग खांबावर चढायचे. मी विचारलं, "काका, खिशात कशाला?" म्हणाले, "बावा, फ्यूज माह्या खिशात आहे तोवर कोनी बी लाइन चालू करू शकत नाही." कागदावर परमिट असायचंच. लाइनमनचं पोर असलेल्या कुणालाही 'परमिट घेणं' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पण काकांचा कागदापेक्षा खिशावर विश्वास जास्त. ज्याचा जीव धोक्यात आहे, त्याच्याच हातात यंत्र बंद ठेवण्याची सत्ता हवी. साऱ्या जगाचं देखभालीचं सुरक्षाशास्त्र या एका गोष्टीभोवती फिरतं, हे मला फार उशिरा कळलं.

कळलं ते 'पायपर अल्फा'बद्दल वाचताना. स्कॉटलंडजवळच्या उत्तर समुद्रातला हा तेल-वायूचा प्लॅटफॉर्म. 6 जुलै 1988 ची रात्र. दिवसपाळीत एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता आणि त्या जागी नुसती चकती बसवली होती. पंपाच्या कामाचं परमिट वेगळं, व्हॉल्व्हचं वेगळं, आणि दोन्ही कागद एकत्र ठेवलेले नव्हते. रात्रपाळीत दुसरा पंप बंद पडला. रात्रीच्या लोकांना वाटलं, पहिला पंप चालू करता येईल. व्हॉल्व्ह काढलेला आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. पंप चालू केला, वायू गळला, स्फोट झाला. 167 माणसं गेली. त्या रात्री कुणी बेफिकीर बसलं होतं असं नाही. सगळे आपापलं काम करत होते. फक्त फ्यूज कुणाच्याच खिशात नव्हता.

त्यानंतर लॉर्ड कलन यांची चौकशी झाली. 1990 मध्ये अहवाल आला, त्यात 106 शिफारशी होत्या. पाळी बदलताना काय सांगायचं, परमिटं कशी जोडायची, बंद यंत्राला कुलूप कसं लावायचं, हे सगळं तिथून घट्ट झालं. आज युरोपातल्या समुद्री पवनचक्कीवर चढणारा तंत्रज्ञ स्विचला स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःजवळ ठेवतो. ती काकांच्या फ्यूजचीच शहरी आवृत्ती आहे.

आपल्याकडचा धडा 2005 चा. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, ते सगळ्यांना आठवतं. दुसऱ्या दिवशीचं समुद्रावरचं मात्र फार थोड्यांना आठवतं. 27 जुलैला 'समुद्र सुरक्षा' नावाच्या जहाजावर एका स्वयंपाक्याची बोटं कापली गेली. हवामानामुळे हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हतं. म्हणून त्याला क्रेनच्या पाळण्यातून 'बॉम्बे हाय नॉर्थ' प्लॅटफॉर्मवर घ्यायचं ठरलं, कारण तिथे डॉक्टर होते. वाऱ्याच्या आडोशाला असलेली क्रेन चालू अवस्थेत नव्हती. त्यामुळे जहाज वाऱ्याच्या तोंडाच्या बाजूने जवळ आलं. माणूस वर गेला. पण परतताना लाटांनी जहाज प्लॅटफॉर्मकडे ढकललं आणि त्याची धडक वायू वाहून आणणाऱ्या उभ्या नळीला, म्हणजे रायझरला, बसली. पुढे आग. दोनेक तासांत अख्खा प्लॅटफॉर्म समुद्रात गेला. 362 माणसं वाचवली गेली, 22 गेली.

मला यात एकच गोष्ट दाखवायची आहे. या साखळीत एक कडी बंद पडलेल्या क्रेनची आहे. देखभालीच्या वहीत ती एक साधी नोंद असेल : 'क्रेन, दुरुस्ती बाकी.' अशा नोंदी कुठल्याही कारखान्यात शेकड्याने असतात. जमिनीवर त्या नोंदीचा अर्थ 'काम लांबलं' असा होतो. समुद्रावर तिचा अर्थ 'सुटकेची एक वाट कमी झाली' असा होतो. 2008 मध्ये भारतात समुद्रातल्या तेल-वायू कामांच्या सुरक्षेचे स्वतंत्र नियम आले. उत्पादन 1976 पासून सुरू, नियम 2008 मध्ये. मधली 32 वर्षं तुम्हीच मोजा.

आता दुसरी वाट, वाऱ्याची. 1986 च्या सुमारास केंद्र सरकारने किनाऱ्यावर काही प्रात्यक्षिक पवनचक्की प्रकल्प उभे केले. गुजरातेत ओखा, तमिळनाडूत तुतिकोरिन आणि आपल्या सिंधुदुर्गात देवगड. यंत्रं 55 किलोवॅटची. कोकणात फिरायला गेलेल्यांनी देवगडचं पवनचक्की गार्डन पाहिलं असेल, फोटोही काढले असतील. महाराष्ट्रातल्या पवनऊर्जेची सुरुवात अशी समुद्राच्या काठावरच झाली. पुढे ती डोंगरावर गेली. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातलं वनकुसवडे पठार, चाळकेवाडी, ठोसेघरचा परिसर, मग धुळ्यात साक्री तालुक्यातलं ब्राह्मणवेल. 1995 मध्ये तुलसी तांती यांनी सुझलॉन सुरू केली, तिचं मुख्यालय पुण्यात. या पठारांवर पवनचक्कीचा मराठी तंत्रज्ञ तयार झाला.

त्याचं काम काय? मनोऱ्याच्या आतल्या शिडीने साठ-सत्तर-ऐंशी मीटर चढायचं. वर नॅसेल, म्हणजे एका छोट्या बसएवढी खोली. तिच्यात गिअरबॉक्स, जनरेटर, ब्रेक. बोल्ट ठरलेल्या जोराने आवळलेत का ते तपासायचं, तेलाचा नमुना घ्यायचा, फिल्टर बदलायचा, पात्यावर वीज पडली असेल तर दोरावर लटकून भेग बुजवायची. एक महत्त्वाची गोष्ट पठारावरची पोरं पहिल्याच वर्षी शिकतात. आपल्याकडे वाऱ्याचा हंगाम म्हणजे पावसाळा. जून ते सप्टेंबर यंत्र पूर्ण जोरात चालतं, आणि नेमकं तेव्हाच पठारावर धुकं, चिखल आणि विजा. म्हणून मोठी देखभाल एप्रिल-मेमध्ये उरकून घ्यायची. आपला शेतकरी मृगाआधी वखर-नांगर नीट करून ठेवतो, तसंच.

हेच काम समुद्रात नेलं डेन्मार्कने. 1991 मध्ये व्हिंडेबी इथे जगातला पहिला समुद्री पवनप्रकल्प सुरू झाला. 450 किलोवॅटची अकरा यंत्रं, किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरवर, उथळ पाण्यात. पंचवीस वर्षं चालून 2017 मध्ये ती काढून टाकली. आज 15 मेगावॅटचं एक यंत्र मिळतं. अख्ख्या व्हिंडेबीच्या तिप्पट वीज एकटं तयार करू शकतं, आणि त्याच्या चक्राचा व्यास 236 मीटर.

पण मला जास्त शिकवून जातो तो हॉर्न्स रेव्ह. तोही डेन्मार्कचा, 2002 चा. 2 मेगावॅटची ऐंशी यंत्रं, आणि यावेळी खुल्या उत्तर समुद्रात. थोड्याच काळात ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटर बिघडू लागले. शेवटी 2004 मध्ये ऐंशीच्या ऐंशी नॅसेल उतरवून किनाऱ्यावर आणावी लागली, दुरुस्त करून परत चढवावी लागली. जमिनीवर चालणारं यंत्र समुद्रात तसंच नेऊन ठेवता येत नाही, हे तेव्हा सगळ्यांना पैसे मोजून कळलं. तिथून देखभाल हा प्रकल्पाच्या हिशेबातला मोठा आकडा झाला.

आणि तंत्रज्ञ यंत्रापर्यंत पोचतो कसा? छोटी बोट मनोऱ्याच्या पायाला नाक टेकवून इंजिनाच्या जोरावर दाबून धरते. लाटेवर बोट वर-खाली होत असते. योग्य क्षण साधून माणूस शिडीवर पाऊल टाकतो. लाटांची उंची साधारण दीड मीटरच्या वर गेली की हे बंद. पुढे मोठी जहाजं आली, लाटेबरोबर स्वतःला सावरणारे पूल आले. तरी 'आज जायचं की नाही' हा रोजचा प्रश्न सुटलेला नाही. मुलांनी विचारलं होतं ना, पोहता यायला हवं का? नुसतं पोहणं पुरत नाही. समुद्रात जीव वाचवणं, उंचीवरून जखमी माणसाला उतरवणं, आग, प्रथमोपचार, हे सगळं प्रमाणपत्रासकट शिकावं लागतं. हेलिकॉप्टरने जायचं असेल तर पाण्यात उलट्या झालेल्या केबिनमधून बाहेर पडण्याचा सराव करावा लागतो. आपल्याकडे तेलक्षेत्रातल्या लोकांसाठी असं प्रशिक्षण गोव्यात बेतूलला ओएनजीसीच्या संस्थेत चालतं. ती संस्था 1989 ची, म्हणजे पायपर अल्फाच्या पुढच्याच वर्षीची.

आता या दोन वाटा एकत्र करू. भारताचं समुद्री पवनऊर्जेचं धोरण ऑक्टोबर 2015 मध्ये आलं. 2017 मध्ये खंभातच्या आखातात वारा मोजायचं लेझरवर चालणारं यंत्र बसलं. जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 7,453 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी 500 मेगावॅट, शिवाय दोन बंदरांची सुधारणा. महाराष्ट्राचा किनारा या पहिल्या फेरीत नाही. पण माणसं राज्याच्या हद्दी बघून कामाला जात नाहीत.

इथे पठाराचा धडा आठवा. वारा जोरात म्हणजे पावसाळा. आणि पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात लाटा दीड मीटरच्या कितीतरी वर जातात. म्हणजे यंत्र सर्वांत जास्त कमावणार ते नेमके तीन-चार महिने तंत्रज्ञ तिथे सहज पोचू शकणार नाही. जूनमध्ये यंत्र बंद पडलं तर मालकाचं रोज नुकसान. मग दबाव कुणावर येईल? बोटीच्या कप्तानावर आणि शिडीखाली उभ्या असलेल्या पोरावर. "जरा बघ ना, आज लाट तेवढी नाही." हे वाक्य मी कुणाच्या तोंडचं म्हणून सांगत नाही. पण कुठल्याही कामाच्या ठिकाणी पाच वर्षं काढलेल्या माणसाने ते ऐकलेलं असतं.

ही काल्पनिक भीती नाही, आणि याचा पुरावा फार जुना नाही. मे 2021. मुंबई हायमध्ये हंगामाचं शेवटचं काम चाललेलं. पावसाळ्याआधी ते आवरायचं असतं. 'पी-305' नावाची एक राहण्याची बार्ज, म्हणजे स्वतःचं इंजिन नसलेलं तरंगतं वसतिगृह. त्यावर 261 माणसं. तौक्ते चक्रीवादळाचे इशारे आले होते. काही जहाजं सुरक्षित जागी गेली, ही बार्ज समुद्रातच नांगर टाकून थांबली. वादळात नांगर सुटले. ती एका प्लॅटफॉर्मवर आदळली, तळाला भोक पडलं, आणि 17 मेच्या संध्याकाळी बुडाली. नौदलाच्या 'कोची', 'कोलकाता' आणि इतर जहाजांनी भयंकर समुद्रात रात्रभर माणसं वेचली. बार्ज आणि 'वरप्रदा' ही टगबोट मिळून 188 जण वाचले आणि 86 गेले. वेल्डर, फिटर, रिगर, इलेक्ट्रिशियन, खानसामे. बहुतेक कंत्राटी. बरेच मृतदेह डीएनए चाचणीनेच ओळखता आले.

लाइफ जॅकेट होती, तराफे होते, नियमही 2008 पासून होते. मग कमी काय होतं? मी इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एवढंच विचारतो की त्या 261 जणांपैकी किती जणांना "मला आज किनाऱ्यावर जायचंय" असं म्हणता आलं असतं, आणि ते ऐकलं गेलं असतं? थांबायचं की निघायचं हा निर्णय ज्यांनी घेतला ते बार्जवरच्या बंकमध्ये झोपत नव्हते. कप्तानाचा अपवाद सोडा, त्याचाही जीव गेला. फिटरच्या खिशात काही नव्हतं.

म्हणून नव्या क्षेत्रात जाणाऱ्या मुलांना मी घाबरवत नाही, उलट म्हणतो, जा. काम अभिमानाचं आहे आणि शिकण्यासारखं आहे. कोराडी-खापरखेड्याच्या सावलीत वाढलेल्या मुलाला टर्बाइन, परमिट आणि पाळी हे शब्द घरातच मिळालेले असतात. ती तुमची पुंजी आहे. फक्त सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. काम थांबवण्याचा अधिकार लेखी आहे का, आणि तो वापरल्यावर पगार कापला जातो का? हवामानाचा अंतिम निर्णय कोण घेतो, आणि तो माणूस तुमच्याबरोबर बोटीत असतो का? आणि मधे कितीही कंत्राटदार असले तरी तुमचं नाव मुख्य कंपनीच्या यादीत आहे का? 2021 मध्ये कितीतरी घरच्यांना आपला माणूस नेमक्या कुठल्या बोटीवर आहे तेसुद्धा फोन करकरून शोधावं लागलं.

काका निवृत्त झाले तेव्हा घरी आणलेल्या सामानात पक्कड, टेस्टर आणि चिनीमातीचा एक जुना फ्यूज होता. काकूंना वाटलं अडगळ आहे, टाकायला निघाल्या. काकांनी तो घेऊन देवघराच्या फळीवर ठेवला. आम्ही हसलो होतो तेव्हा.

वेळ संपली आहे. पोहण्याबद्दल ज्यांनी विचारलं होतं ती मुलं मागच्या रांगेत दिसतायत मला. अंबाझरीत नाही, तरणतलावावर जा, आणि मास्तर लावून शिका. प्रश्न असतील तर आता घेऊ.